बिळातलं ब्रुकलिन

८ डिसेंबर १९५६ रोजी अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत ‘द हनी-माउझर्स’ नावाचं एक कार्टून लागलं. वॉर्नर ब्रदर्सच्या ‘लूनी ट्यून्स’ मालिकेतलं, मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायचं, सहा-सात मिनिटांत आटोपणारं. एक गोलमटोल, कायम चढ्या आवाजात बोलणारा उंदीर, त्याची खमकी बायको आणि त्याचा भोळसट मित्र. घरात अन्नाचा कण नाही, पलीकडे गच्च भरलेला फ्रीज आहे आणि मधे मांजर आहे. गोष्ट म्हणाल तर एवढीच. पण उंदराने तोंड उघडलं की तो कोण हे त्या काळच्या प्रेक्षकाला लगेच कळत होतं. शनिवारी रात्री घरच्या टीव्हीवर तो हाच आवाज ऐकत आला होता.

आज हे कार्टून मराठी प्रेक्षकासमोर आलं तर ती ओळख त्याच्यापाशी नसते. उंदीर-मांजराची पळापळ कळते, हसूही येतं, पण निम्मी गंमत निसटते. विडंबन मूळ कृतीच्या आधाराने जगतं आणि मूळ कृती विस्मरणात गेली की तेही पोरकं होतं. म्हणून या प्रस्तावनेत मी उंदरांकडे जरा उशिराच येणार आहे. आधी ‘द हनीमूनर्स’ या टीव्ही मालिकेतल्या ब्रुकलिनच्या त्या खोलीत जायला हवं, जिची ही उंदरांची वसाहत केली गेली.

‘द हनीमूनर्स’ सुरुवातीला मालिका नव्हतीच. १९५१ साली ड्यूमॉन्ट या छोट्या टीव्ही कंपनीच्या ‘कॅव्हलकेड ऑफ स्टार्स’ या कार्यक्रमात जॅकी ग्लीसन यांनी नवरा-बायकोच्या भांडणाचं एक छोटं प्रहसन केलं. ते लोकांना इतकं भावलं की पुन्हा पुन्हा होऊ लागलं, लांबत गेलं, ग्लीसन सीबीएसकडे गेले तेव्हा त्यांच्याबरोबर तिकडे गेलं आणि शेवटी त्याची अर्ध्या तासाची स्वतंत्र मालिका झाली. १ ऑक्टोबर १९५५ ते २२ सप्टेंबर १९५६ या काळात तिचे ३९ भाग झाले. न्यूयॉर्कच्या अडेल्फी थिएटरमध्ये सुमारे हजार प्रेक्षकांसमोर एखाद्या नाटकासारखे ते सादर व्हायचे आणि त्याच वेळी फिल्मवर टिपले जायचे. ग्लीसन यांना तालमींचा कंटाळा होता. बरोबरीच्या नटांना त्यामुळे सदैव सावध राहावं लागे आणि पडद्यावर दिसणारा तो जिवंत ताण बऱ्याच अंशी यातूनच आलेला आहे.

राल्फ क्रॅम्डन बस चालवतो. पगार आठवड्याला ६२ डॉलर. बायको अ‍ॅलिस, वरच्या मजल्यावर राहणारा मित्र एड नॉर्टन, आणि नॉर्टनची बायको ट्रिक्सी. नॉर्टन शहराच्या भुयारी गटारांत काम करतो आणि त्याला त्या कामाचा मनापासून अभिमान आहे. पत्ता ३२८, चौन्सी स्ट्रीट, ब्रुकलिन. हा पत्ता काल्पनिक नाही. ग्लीसन यांचं लहानपण याच घरात गेलं होतं. ते नऊ वर्षांचे असताना वडील घर सोडून निघून गेले ते परतलेच नाहीत. आई राबत राहिली आणि ग्लीसन एकोणीस वर्षांचे असताना तीही गेली. त्या घराच्या आठवणीतून त्यांनी मालिकेतली खोली उभी केली: एक टेबल, खुर्च्या, एक कपाट, सिंक, शेगडी आणि बर्फाची लादी ठेवून चालणारी जुनी पेटी. टेलिफोन नाही. त्या वर्षांत अमेरिकी टीव्हीवरची इतर अनेक कुटुंबं उपनगरातल्या टुमदार बंगल्यांत राहत होती, त्यांच्या दारात हिरवळ होती. क्रॅम्डनांच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू दिसायची.

३९ भागांतल्या पहिल्याच भागात अ‍ॅलिस टीव्ही मागते. एवढी वर्षं ती त्याच चार वस्तूंकडे बघत बसली आहे, तिला आता दुसरं काहीतरी बघायचंय. राल्फ तो नॉर्टनबरोबर भागीदारीत घेतो, म्हणजे खर्च निम्मा. संच राहतो राल्फच्या घरात आणि मग सुरू होते खरी गंमत. नॉर्टन डोक्यावर अंतराळवीराचं शिरस्त्राण चढवून, खाण्याचा साठा जवळ घेऊन, लहान मुलांचा ‘कॅप्टन व्हिडिओ’ बघायला येऊन बसतो आणि कार्यक्रमातल्या कप्तानाला इमानेइतबारे उत्तरं देतो. राल्फला दुसरं काहीतरी बघायचं असतं. दोघं प्रौढ पुरुष पोरांसारखे भांडतात. आर्ट कार्नी यांचा नॉर्टन इथे बघावा. कुठलंही काम करण्याआधी बाह्या झटकणं, हात हवेत फिरवणं, बोटं मोकळी करणं हा त्यांचा विधी इतका लांबतो की राल्फचा संयम सुटतो, आणि राल्फचा तोल नेमका कधी जाणार याची कार्नी यांना अचूक जाण होती.

राल्फ सतत श्रीमंत व्हायच्या योजना आखतो आणि त्यातली एकही तडीस जात नाही. प्रश्नमंजुषेत ९९,००० डॉलर जिंकायला तो गाण्यांचा जिवापाड अभ्यास करतो. सरावासाठी पियानोवर बसलेला नॉर्टन प्रत्येक गाण्याआधी हात सैल करायला एकच ठरावीक धून वाजवतो आणि राल्फ दर वेळी चिडतो. कार्यक्रमात पहिलाच प्रश्न येतो तो त्या धुनेचा रचनाकार कोण, असा आणि नेमकं तेच राल्फला माहीत नसतं. गरिबाच्या स्वप्नाचा इतका क्रूर आणि इतका विनोदी शेवट त्या काळच्या टीव्हीवर दुसरा मला माहीत नाही.

एक गोष्ट सांगायलाच हवी. राल्फ चिडला की अ‍ॅलिसला एका ठोशात चंद्रावर पाठवायची धमकी देतो. आज ही धमकी कानाला खुपते आणि खुपायलाच हवी. तो तिला कधीही मारत नाही, पण म्हणून ती माफ होते असं मी म्हणणार नाही. मालिका टिकली ती ऑड्री मेडोज यांच्या अ‍ॅलिसमुळे. ती घाबरत नाही, मागे सरत नाही, हाताची घडी घालून उभी राहते आणि एका कोरड्या वाक्यात त्याचा सगळा फुगा फोडते. मेडोज यांना सुरुवातीला या भूमिकेसाठी नाकारलं गेलं होतं, कारण त्या फार सुंदर दिसत. मग त्यांनी विस्कटलेल्या केसांतले, घरच्या अवतारातले आपले फोटो काढून पाठवले आणि भूमिका मिळवली.

आता उंदीर. कार्टूनचे दिग्दर्शक मॅककिम्सन आणि त्यांचे कथालेखक टेड पीअर्स यांनी राल्फ क्रॅम्डनचा राल्फ क्रम्डन केला आणि एड नॉर्टनचा नेड मॉर्टन. अ‍ॅलिस मात्र अ‍ॅलिसच राहिली. नावांत केलेला बदल जेमतेम कायद्यापुरता. खरा बदल जागेचा आहे. मॅककिम्सन यांनी चौन्सी स्ट्रीटची खोली उचलून थेट बिळात नेली आणि ती तिथे चपखल बसली. मला या कार्टूनचं मोल वाटतं ते इथे. मूळ मालिकेत राल्फची गरिबी संवादांतून, रिकाम्या भिंतींतून जाणवते, पण त्याच्या घरी जेवायला मिळतं. माणसाचा उंदीर झाल्यावर पैशाची सगळी स्वप्नं गळून पडतात आणि उरते ती निखळ भूक. राल्फचे ९९,००० डॉलर इथे फ्रीजमधलं चीज होतात. मालक, घरभाडं, वरिष्ठांची मर्जी, जे जे राल्फला आयुष्यभर अडवतं त्या सगळ्याच्या जागी एकच मांजर येतं. विडंबनकाराने मूळ मालिकेचा गाभा किती नेमका ओळखला होता हे यावरून दिसतं. ज्याने ती नुसती वरवर पाहिली असती त्याने जाडेपणावर विनोद केले असते आणि तेवढ्यावरच थांबला असता.

ही जाण एका दिवसात आलेली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॅककिम्सन यांनी ‘हाफ-फेअर हेअर’ केलं होतं. त्यात बग्ज बनी एका मालगाडीत चढतो आणि डब्यात त्याला दोन उपाशी भटके भेटतात. ते उघड उघड राल्फ आणि नॉर्टन आहेत. ऑक्टोबरमधल्या ‘वाइडिओ वॅबिट’मध्ये बग्जने टीव्ही स्टुडिओत शिरून नॉर्टनचंही सोंग काढलं. म्हणजे ही माणसं आधी भटकी होऊन आली आणि मग उंदीर झाली. दोन्ही रूपांत त्यांची भूक तीच आहे. पुढे १९५७ साली ‘चीज इट, द कॅट!’ आणि १९६० साली ‘माइस फॉलीज’ ही आणखी दोन कार्टूनं याच उंदरांवर निघाली. ती बघायला हरकत नाही, पण पहिल्याची धार त्यांत नाही.

पडद्यावर ग्लीसन यांचं शरीर नाही, कार्नी यांचे हात नाहीत. मग मूळ मालिकेतलं उरलं काय? आवाज. आणि तो आवाज काढणाऱ्या माणसाचं नाव प्रेक्षकाला दिसतच नव्हतं. वॉर्नरच्या कार्टून विभागात आवाजाचं श्रेय मेल ब्लँक यांना देण्याचा करार होता. त्यामुळे इतर आवाजी कलाकार बहुतेक वेळा निनावीच राहिले. राल्फ आणि मॉर्टन हे दोघेही उंदीर डॉज बटलर यांच्या गळ्यातून आले आणि अ‍ॅलिस जून फोरे यांच्या. ही जोडी नवखी नव्हती. १९५३ साली स्टॅन फ्रीबर्ग यांनी ‘ड्रॅगनेट’ या पोलिसी मालिकेचं विडंबन करणारी ‘सेंट जॉर्ज अँड द ड्रॅगनेट’ ही तबकडी काढली होती, ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली आणि तिच्यात हे दोघंही होते. टीव्हीवरच्या बोलण्याचा ठेका पकडायचा, त्यातली एखादी लकब केसभर पुढे न्यायची आणि तरी माणूस ओळखू येईल इतकी मर्यादा ठेवायची, हे कसब त्यांनी तिथे कमावलेलं होतं.

बटलर यांनी एकाच वेळी दोन टोकांचे आवाज सांभाळले. ग्लीसन यांचा आवाज छातीतून उसळतो, वाक्याच्या मध्यावर फुटतो आणि शेवटी रडकुंडीला येतो. कार्नी यांचा नाकातून, संथ, प्रत्येक शब्दाला लडिवाळ हेलकावा देत येतो. डोळे मिटून हे कार्टून ऐकलं तर दोन नट एकमेकांसमोर उभे आहेत असंच वाटतं. नक्कल करणारे कलाकार पुष्कळ असतात, पण दोन आवाजांमधलं नातं उभं करणारे फार थोडे. बटलर त्या थोड्यांतले होते. त्यांचं नाव त्या पडद्यावर यायला हवं होतं असं मला आजही कळकळीने वाटतं.

सिनेमा टीव्हीची टिंगल का करत होता, हे समजायला फारसे कष्ट पडत नाहीत. पन्नासच्या दशकात प्रेक्षक घरी बसू लागले, थिएटरं ओस पडू लागली. वॉर्नरने तर १९५३ साली थ्री-डी सिनेमाच्या लाटेत आपला कार्टून स्टुडिओ काही महिने बंदच ठेवला होता. ज्या पेटीने पोटावर पाय आणला तिच्याच लाडक्या माणसांना मोठ्या पडद्यावर आणून हसायचं, यात धंदा होता तसंच प्रेमही होतं. मॅककिम्सन यांच्याकडे वॉर्नरच्याच चक जोन्स किंवा फ्रिझ फ्रेलेंग या दिग्दर्शकांइतकं कौतुकाने पाहिलं जात नाही. फॉगहॉर्न लेगहॉर्न हा कोंबडा आणि टॅस्मानियन डेव्हिल त्यांनी घडवले, तरीही. माझ्या मते या विडंबनांमुळे त्यांचा वेगळा विचार व्हायला हवा. टीव्हीकडे इतक्या बारकाईने दुसऱ्या कोणी पाहिलं नव्हतं.

ग्लीसन यांना हे आवडलं का? मॅककिम्सन यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी की सुरुवातीला तिकडून कायदेशीर कारवाईची भाषा झाली, मग त्यांना कार्टूनची प्रिंट पाठवली गेली आणि ते बघून ग्लीसन खूश झाले. ही हकीकत हलकीफुलकी वाटते, पण तेव्हाच्या कायद्याच्या पार्श्वभूमीवर ती पाहिली की धोका किती खरा होता हे कळतं. जॅक बेनी हे त्या काळातले बहुधा सर्वांत लाडके विनोदी नट. त्यांनी १९५२ साली आपल्या टीव्ही कार्यक्रमात ‘गॅसलाइट’ या १९४४च्या गाजलेल्या चित्रपटाचं विडंबन ‘ऑटोलाइट’ नावाने केलं होतं. चित्रपटाची मालकी असलेल्या लोज कंपनीने खटला भरला. खालच्या न्यायालयात बेनी हरले. अपिलातही हरले आणि तो निकाल ‘हनी-माउझर्स’ आला त्याच वर्षातला, १९५६चा. सर्वोच्च न्यायालयात १९५८ साली न्यायमूर्तींची मतं चार विरुद्ध चार अशी समसमान पडली आणि खालचा निकाल कायम राहिला. विडंबन म्हणून मूळ कलाकृतीतून हवं तेवढं उचलायची मुभा नाही, असा त्याचा अर्थ. कायद्याने विडंबनाकडे मोकळ्या मनाने पाहायला अमेरिकेला १९९४ साल उजाडावं लागलं.

हे सगळं भोगल्यावर बेनी यांनी जे केलं त्याने मला नेहमी भारावून टाकलं आहे. त्यांनी आपलं स्वतःचं विडंबन होऊ दिलं, एवढंच काय, त्यासाठी स्वतःचा आवाज दिला. ४ एप्रिल १९५९ रोजी आलेलं ‘द माउस दॅट जॅक बिल्ट’ हे मॅककिम्सन आणि पीअर्स यांचंच कार्टून. त्यात बेनी उंदीर आहेत, त्यांच्या पत्नी मेरी लिव्हिंगस्टन उंदरीण आहेत. घरच्या नोकराच्या, रॉचेस्टरच्या भूमिकेने घराघरांत पोचलेले कृष्णवर्णीय नट एडी अँडरसन आणि कार्यक्रमाचे निवेदक डॉन विल्सन हेही उंदीर झाले आहेत. इथे नक्कल करायला कोणी लागलंच नाही. बेनी यांनी मोबदला म्हणून फक्त चित्रपटाची एक प्रत मागितली, असं सांगतात.

बेनी यांचं सोंग म्हणजे चिक्कूपणा आणि बेसूर व्हायोलिन. प्रत्यक्षात ते उदार होते, व्हायोलिनही बरं वाजवत. रेडिओवरून आलेल्या त्यांच्या कार्यक्रमात तळघरातली तिजोरी होती आणि कारमायकल नावाचं ध्रुवीय अस्वल तिची राखण करायचं. त्या अस्वलाची गुरगुर काढायला त्यांनी ज्या नटाला घेतलं होतं तो मेल ब्लँक. कित्येक महिने नुसती गुरगुर केल्यावर ब्लँक यांनी आपल्याला बोलताही येतं, अशी आठवण करून दिली म्हणे. बेनींची जुनीपुराणी मॅक्सवेल मोटार सुरू होतानाची खोकल्यासारखी धडधडही ब्लँक यांच्याच गळ्यातली. कार्टूनमध्ये ती मोटार आहे आणि तिचा आवाजही त्यांनीच काढला आहे.

गोष्ट अशी: मेरीचा वाढदिवस आहे आणि उंदीर-बेनींना खर्च करायचा नाही. बिळाबाहेर कान लावून बसलेलं मांजर हे ऐकतं आणि ‘किट कॅट क्लब’मध्ये वाढदिवसाचं जेवण फुकट, अशी जाहिरात आत सरकवतं. चिक्कू माणसाला यापेक्षा मोठं आमिष नाही. दोघं मॅक्सवेलमधून क्लबला पोचतात आणि क्लब म्हणजे मांजराचा जबडा! तोंड मिटतं आणि कार्टून संपून खरा जॅक बेनी सोफ्यावर दचकून जागा होतो. किती विचित्र स्वप्न, असं तो म्हणतोय तोच त्याच्याच घरातल्या मांजराच्या तोंडातून दोन उंदीर ऐटीत बाहेर पडतात. बेनी त्यांच्याकडे बघतो, मग आपल्याकडे बघतो आणि काहीच बोलत नाही. न बोलता प्रेक्षकाकडे पाहत राहणं ही बेनी यांची सर्वांत मोठी ताकद होती. मॅककिम्सन यांनी शेवट त्या नजरेच्या हाती सोपवला आणि स्वतः बाजूला झाले.

उंदीर झालेल्या राल्फ-नॉर्टनचा वंश पुढे फार वाढला. १९५८ साली हॅना-बार्बेरा या कार्टून कंपनीने योगी बेअर आणला. त्याचा आवाज डॉज बटलर यांचा आणि त्यात नॉर्टनचे हेलकावे स्पष्ट ऐकू येतात. मग त्याच कंपनीने ‘द हनीमूनर्स’च्या धर्तीवर पाषाणयुगातली दोन शेजारी कुटुंबं रचली. मालिका विकण्यासाठी आधी केलेल्या छोट्या नमुनाफितीत कुटुंबाचं नाव ‘फ्लॅगस्टोन’ होतं, आणि त्यात दोन्ही पुरुषांचे आवाज काढले होते पुन्हा बटलर यांनीच. ३० सप्टेंबर १९६० रोजी ‘द फ्लिंटस्टोन्स’ सुरू झाली. ग्लीसन यांनी मनात आणलं असतं तर तिच्यावर दावा लावता आला असता, पण फ्रेड फ्लिंटस्टोनला टीव्हीवरून हाकलणारा माणूस म्हणून लक्षात राहायची त्यांची इच्छा नव्हती, असं सांगितलं जातं. १९९५ साली कार्टून नेटवर्क भारतात आलं तेव्हा आपल्याकडच्या मुलांनी फ्रेड आणि त्याचा शेजारी बार्नी यांना पाहिलं. मूळ बसचालकाचं नावही न ऐकता त्यांना त्याचा राग, त्याची बढाई आणि त्याची बायको पाठ झाली. बटलर उतारवयात आवाजी अभिनय शिकवत. त्यांच्या शिष्यांत नॅन्सी कार्टराइट होत्या, ज्यांनी पुढे ‘द सिम्पसन्स’मधल्या बार्टला आवाज दिला.

पुढच्या पानांत उंदरांच्या या चारही कार्टूनांच्या दृश्यवार नोंदी आहेत. वाचण्याआधी बघण्याचा क्रम सुचवतो. ‘द हनीमूनर्स’चा टीव्ही संच घेण्याचा भाग आधी पाहावा, जमल्यास प्रश्नमंजुषेचाही. त्यानंतर लगेच ‘द हनी-माउझर्स’ दोनदा लावावं, एकदा चित्र बघत आणि एकदा पाठ फिरवून, फक्त बटलर आणि फोरे यांना ऐकत. ‘माइस फॉलीज’ सवडीने. ‘द माउस दॅट जॅक बिल्ट’ मात्र वेगळ्या दिवसासाठी ठेवावं, आणि त्याआधी बेनी यांच्या रेडिओ कार्यक्रमातला तिजोरीचा एखादा प्रसंग ऐकून घ्यावा.